पंडिता रमाबाई व आपपरभाव

कोणत्याही समाजाची योग्यता तो आपल्या माणसांशीं कसा वागतो यावरून ठरवूं नये. आपल्या पिलांवर माया तर पशुपक्षीही करितात. जो आपल्या जातीचा नाहीं, आपल्या गांवचा नाहीं, आपल्या धर्माचा नाहीं, किंवा जो कालपर्यंत आपला होता पण आज ज्यानें वेगळा मार्ग धरिला, अशा माणसाशीं समाजाचें वर्तन कसें असतें, तेंच त्याच्या सुधारणेचें खरें माप होय. आमच्या वाचकांत पेढी चालविणारे व दुकान मांडणारे गृहस्थ पुष्कळ आहेत. आपलें वजन खरें कीं खोटें हें पाहावयाचें तर तें दुसऱ्याच्या तागडींत घालून पाहावें लागतें, हें त्यांस आम्ही सांगावयास नको. समाजाचेंही तसेंच आहे. ज्या बाईस महाराष्ट्रानें एके काळीं डोक्यावर घेतलें व पुढें दाराबाहेर उभें केलें, तिच्या चरित्राच्या तागडींत आपण आपलें वजन एकदां करून पाहावें, असें आम्हांस वाटतें.

पंडिता रमाबाई यांस परलोकवासी होऊन शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. त्यांच्या नांवाचें टपालाचें तिकीट सरकारनें १९८९ सालीं काढलें. मेलेल्या माणसाचा गौरव करण्यास फारसा खर्च येत नाहीं. जिवंतपणीं त्यास जवळ बसवून घेण्यास मात्र येतो. रमाबाई हिंदु घरांत जन्मल्या व ख्रिस्ती होऊन वारल्या. त्यांस परकें ठरविण्याचा दोष दोन्हीं बाजूंकडे जातो. म्हणून ख्रिस्ताच्या शिकवणीचें माप लावावयाचें तर तें पुण्याच्या पेठांस लावावें, तसेंच इंग्लंडच्या मंडळीसही लावावें, हाच न्याय होय. व तसें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, विद्वान् व आचारनिष्ठ गृहस्थ होते. लोकांच्या दृष्टीनें त्यांचा अपराध एकच होता: त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें. या कृतीबद्दल त्यांजवर इतका गिल्ला झाला कीं, उडुपी येथें पंडितांच्या सभेपुढें उभें राहून त्यांस शास्त्राधारें आपलें समर्थन करावें लागलें. वाद त्यांनीं जिंकला, परंतु गांवांत सुखानें नांदण्याची सोय राहिली नाहीं, व त्यांनीं रानांत बिऱ्हाड केलें. त्या रानांत लक्ष्मीबाई पहांटे आपल्या धाकट्या मुलीस उठवून संस्कृत पाठ सांगत. म्हणजे परकेपणाचा वारसा रमाबाईंस जन्मतःच मिळाला, आणि तोही ज्ञानाबद्दलची शिक्षा म्हणून मिळाला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पुढें तें कुटुंब पुराण सांगत गांवोगांव व तीर्थोतीर्थीं फिरूं लागलें. जवळची पुंजी दानधर्मांत व यात्रेंत संपली. कष्टाचें काम करण्याची संवय नाहीं, भीक मागण्याची लाज वाटे, अशा स्थितींत मद्रास इलाख्यांतील दुष्काळाच्या दिवसांनीं त्यांस गांठलें. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. आईचें प्रेत उचलावयास माणसें मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांस दया आली. तिसरा खांदा भावानें दिला व चौथा रमाबाईंनीं. उंची कमी पडे म्हणून तिरडीचें टोंक त्यांस डोक्यावर घ्यावें लागलें. जिनें मुलीस विद्या दिली, तिला स्मशानापर्यंत पोंचविण्यास चार माणसें सहज मिळूं नयेत, हा आपपरभावाचा पहिला धडा रमाबाई तेथें शिकल्या.

बहीणभाऊ पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचले. तेथें एकदम चित्र पालटलें. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, भागवत मुखोद्गत सांगते, हें पाहून तेथील विद्वानांनीं तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनीं तिच्या हातीं वेदग्रंथ दिला. सर्व देशांत तिच्या नांवाचा डंका वाजला. परंतु १८८० सालीं भाऊ श्रीनिवास वारला, व त्याच वर्षीं १३ जून रोजीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. वर सुशिक्षित, सदाचारी व भावाचा स्नेही. पण लोक ज्यांस शूद्र म्हणत अशा जातीचा. ज्यांनीं कालपर्यंत पदव्यांची खैरात केली, त्यांच्यांतील पुष्कळांस आज ती सरस्वती ओळखूं येईनाशी झाली. आसामांतील सिल्चर येथें संसार थाटला, १८८१ सालीं मनोरमा ही कन्या झाली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पटकीच्या रोगानें पति गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षीं रमाबाई विधवा झाल्या. आईबाप नाहींत, भाऊ नाहीं, नवरा नाहीं, सासर जातीबाहेरचें व माहेर दुष्काळानें गिळलेलें. कडेवर एक मूल.

अशा स्थितींत त्या त्याच वर्षीं पुण्यास आल्या. न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर प्रभृति सुधारकांनीं त्यांचें स्वागत केलें. १८८२ सालींच त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें, आणि हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन मुलींसाठीं स्त्री-शिक्षक व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची निकड मांडली. पण पुण्याच्या माजघरांतून वेगळेच सूर निघत होते. त्यांच्या सभांस जाणाऱ्या रमाबाई रानडे यांस घरांतील वडील बायकांकडून काय ऐकावें लागे, तें त्यांच्या आठवणींत सविस्तर आलेंच आहे. केंस राखलेली विधवा, परजातींत लग्न केलेली, देशांतर केलेली, आणि तीच चारचौघांत उभी राहून व्याख्यान देते! तिच्या विद्वत्तेचें कौतुक करावयाचें, पण तिच्या सावलीपासून आपली लेकसून जपावयाची, असा तो दुहेरी व्यवहार होता.

वैद्यकी शिकावी म्हणून पुस्तकाच्या उत्पन्नावर रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या. कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें तो बेत सोडावा लागला. परंतु तेथें त्यांनीं एक गोष्ट पाहिली, व तिनें त्यांचें आयुष्य बदललें. वाँटेज येथील ज्या भगिनीसंघाच्या आश्रयास त्या होत्या, त्या संघाचें लंडनजवळ फुलहॅम येथें एक घर होतें. ज्या स्त्रियांस जग पतित म्हणून झिडकारतें, अशांस तेथें ठेवून घेऊन, त्यांची सेवा करून, त्यांस पुन्हां माणसांत आणीत. आपल्या देशांत अशा स्त्रियांस शासन सांगणारे ग्रंथ रमाबाईंनीं पुष्कळ वाचले होते. त्यांस जवळ घेणारीं माणसें त्यांनीं पूर्वीं पाहिलीं नव्हतीं. ही दया कोठून आली, असें त्यांनीं विचारिलें, तेव्हां त्यांस योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची गोष्ट दाखविण्यांत आली.

ती गोष्ट आमच्या सर्व वाचकांस ठाऊक असेलच असें नाहीं, म्हणून थोडक्यांत सांगतों. यहुदी लोक शोमरोनी लोकांस भ्रष्ट समजत व त्यांच्याशीं भांड्यापाण्याचा व्यवहार ठेवीत नसत. भर दुपारीं प्रवासानें थकून ख्रिस्त याकोबाच्या विहिरीवर बसला असतां एक शोमरोनी बाई एकटीच पाण्यास आली. ती परजातीची, स्त्री, आणि जिच्या संसाराविषयीं गांव कुजबुजत असे अशी. ख्रिस्तानें तिच्याजवळ प्यावयास पाणी मागितलें. पाण्याची अडचण कोणास असते व पाणी मागण्याचा अर्थ काय होतो, हें ज्या देशांत पाणवठे जातीप्रमाणें वांटलेले होते, ज्या देशांत १९२७ सालीं महाडच्या तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, त्या देशाच्या लोकांस उलगडून सांगण्याची गरज नाहीं. वरच्यानें खालच्यास पाणी घातलें तर तें पुण्य म्हणून मिरवितां येतें. ख्रिस्तानें मात्र स्वतः मागणारा होऊन त्या स्त्रीस देणारी केलें. आणि धर्माचें अत्यंत खोल तत्त्व, ईश्वराची पूजा अमक्याच डोंगरावर करावी असें नाहीं, हें त्यानें शास्त्र्यांच्या सभेंत न सांगतां त्या बाईस सांगितलें. त्याचे शिष्यसुद्धां परत आल्यावर आश्चर्यानें पाहात राहिले. जिच्या आईस विद्या दिली म्हणून बापास सभेपुढें उभें राहावें लागलें, त्या रमाबाईंस ही गोष्ट केवढी वाटली असेल, हें सहज कळण्यासारखें आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे महाराष्ट्रांत एकच हाहाकार उडाला. वर्तमानपत्रांनीं त्यांस कृतघ्न म्हटलें, चंचल म्हटलें, देशद्रोहीही म्हटलें. धर्मांतर हें चूक कीं बरोबर याविषयीं मतभेद असूं शकतो. एखाद्या समाजास आपली विदुषी गेल्याचें दुःख व्हावें, हेंही स्वाभाविक आहे. परंतु ज्यांनीं तिच्या आईच्या तिरडीस खांदा दिला नाहीं, तिच्या विवाहानंतर जे तिच्या दारीं गेले नाहींत, त्यांनींच ती आपली होती व आपणांस सोडून गेली असें म्हणावें, यास काय म्हणावें? जी कधीं पूर्णपणें आपली मानिलीच नव्हती, ती गेल्यावर मात्र आपली ठरली. जोतीराव फुले यांनीं १८८५ सालीं आपल्या सत्सार या पुस्तिकेंत रमाबाईंची बाजू घेऊन हा दुटप्पीपणा उघडा पाडला, हें येथें नमूद करणें अवश्य आहे.

आतां दुसरी बाजू. ख्रिस्ती झाल्यावर तरी रमाबाईंचें परकेपण संपलें काय? नाहीं. त्यांनीं इंग्लंडांतही शाकाहार सोडला नाहीं. त्याचा अर्थ वडीलधाऱ्या भगिनींनीं जातीचा गर्व असा लाविला. क्रुसावर लॅटिन अक्षरें कोरलेलीं होतीं, तीं माझ्या देशांतील लोकांस कळणार नाहींत, लॅटिन भाषा संस्कृताहून अधिक पवित्र कशावरून, असें त्यांनीं विचारिलें; तेव्हां तो हट्ट ठरला. त्रैक्यादि सिद्धांत स्वतःच्या बुद्धीस पटेपर्यंत मान्य करणार नाहीं असें त्यांनीं कळविलें, तेव्हां तें औद्धत्य ठरलें. चेल्टनम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत त्या शिकत व संस्कृत शिकवीत असतां त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांसही शिकवावें अशी सूचना निघाली. हिंदुस्थानांतील बिशपांचें मत घेण्यांत आलें व त्यांनीं हरकत घेतली. ज्या प्रभूनें विहिरीवर परजातीच्या बाईशीं एकट्यानें बोलण्यास संकोच मानिला नाहीं, त्याच्या नांवानें चालणाऱ्या मंडळीस एका पंडितेनें पुरुषांस धडा देणें अनुचित वाटावें! पुण्यानें त्यांस धर्मभ्रष्ट म्हटलें, वाँटेजनें त्यांस अहंकारी म्हटलें. पण दोहोंच्या मनांतील तक्रार मूळ एकच होती. आमच्यांत यावयाचें असेल तर आमच्यासारखीच हो, आपलें म्हणून जें कांहीं असेल तें उंबऱ्याबाहेर ठेवून ये, असें दोघांचेंही म्हणणें.

१८८६ सालीं डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथें उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनीं १८८७ सालीं इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें, गांवोगांव व्याख्यानें दिलीं, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बोस्टन येथें त्यांच्या नांवाची मंडळी स्थापन होऊन विधवांच्या शाळेस दहा वर्षें मदत देण्याचें ठरलें. परंतु यजमानाचें अन्न खाल्लें म्हणून त्याचे दोष झांकावयाचे, हा त्यांचा स्वभाव नव्हता. १८८९ सालीं अमेरिकेविषयीं मराठींत लिहिलेल्या ग्रंथांत त्यांनीं तेथील लोकसत्तेची व स्त्रीशिक्षणाची मनमोकळी स्तुति केली. त्याच ग्रंथांत नीग्रो लोकांविषयीं गोऱ्यांच्या मनांत असलेला तिटकारा व तेथील मूळच्या रहिवाशांवर झालेला अन्याय हेही स्पष्ट मांडले. ख्रिस्ताचें नांव घेणाऱ्या देशांतही रंगाची जात असूं शकते, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें व मराठी वाचकांपासून लपविलें नाहीं.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें; पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. या संस्थेंत हिंदु मुलींस आपला आचार पाळण्याची मोकळीक होती. स्वयंपाकाची व्यवस्था त्यांच्या रीतीप्रमाणें वेगळी ठेविली होती. सल्लागारांत रानडे, भांडारकर यांसारखे हिंदु गृहस्थ होते. धर्म शिकविला जाणार नाहीं असें ठरलें होतें. रमाबाईंची स्वतःची प्रार्थना मात्र त्या दार उघडें ठेवून करीत, व ज्या मुलीस आंत यावेंसें वाटे तिला त्या मनाई करीत नसत. यावरून रण माजलें. केसरीनें कडक टीका केली, सल्लागारांनीं १८९३ सालीं राजीनामे दिले, आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या.

या प्रकरणीं आम्ही एकतर्फी निवाडा देऊं इच्छीत नाहीं. ज्यांनीं आपली मुलगी एका अटीवर दुसऱ्याच्या हवालीं केली, त्यांस ती अट पाळली जाते कीं नाहीं अशी शंका येणें गैर नव्हे. कोवळ्या वयाच्या निराश्रित मुलीवर आश्रयदात्याच्या वर्तनाचा प्रभाव पडतो, आणि आश्रय व उपदेश एकाच हातांत असले म्हणजे उपदेशाचें वजन वाढतें, हें ख्रिस्ती माणसांनींही प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. परंतु दुसरा प्रश्नही तितक्याच प्रामाणिकपणें विचारला पाहिजे. त्या मुली तेथें येण्यापूर्वीं कोठें होत्या? त्यांच्या धर्माची काळजी वाहणाऱ्यांपैकीं किती जणांनीं त्यांच्या अन्नाची, अक्षराची वा अब्रूची काळजी वाहिली होती? या सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशीं धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं विवाह केला. गोदूबाई ख्रिस्ती झाली नव्हती, कर्वे ख्रिस्ती नव्हते. तरी कर्व्यांवर त्यांच्या मुरुड गांवानें बहिष्कार घातलाच. तेव्हां धर्मांतराच्या भीतीनें विरोध झाला हें खरें, पण तेवढेंच खरें नव्हे. रूढीच्या रेषेबाहेर जो पाऊल टाकी तो परका, मग तो कोणत्या का धर्माचा असेना, हा खरा कायदा होता. त्याच कर्व्यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रमाचें कार्य हातीं घेतलें, व पुढें १९५८ सालीं राष्ट्रानें त्यांस भारतरत्न केलें. बहिष्काराचें आयुष्य किती थोडें असतें, आणि तेवढ्या काळांत तो माणसांस किती जाळतो, हें यावरून कळावें.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत घोर दुष्काळ पडला. आपले आईबाप ज्या यमानें नेले, तोच पुन्हां आला असें जाणून रमाबाई तिकडे धांवल्या. अनाथ मुली व तरुण विधवा यांच्या दैन्याचा गैरफायदा घेणारे दलाल तेथें टपलेले होते. त्यांच्या हातून शेंकडों मुली सोडवून त्यांनीं आपल्या छायेखालीं आणिल्या. पुण्यास प्लेग सुरू झाल्यामुळें त्यांस पुणें-सोलापूर लोहमार्गावरील केडगांव येथें, पूर्वीं घेतलेल्या शेतजमिनीवर, हालविलें. १८९७ सालीं प्लेगच्या दवाखान्यांत गरीब मुलींची जी हेळसांड होई, तिच्याविरुद्ध त्यांनीं वर्तमानपत्रांत निर्भयपणें लिहिलें, व तो विषय विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला. ज्या बाईस लोक विलायतेची हस्तक म्हणत, तिनेंच विलायती अंमलास असा जाब विचारला. पुढें १९०० सालच्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी मुली आल्या, आणि केडगांवच्या मुक्ति सदनांतील माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठीं निघालें होतें. तेव्हां रमाबाईंच्या दयेसही एक कुंपण होतें असें म्हणावें लागेल. दुष्काळानें तें कुंपण मोडलें. केडगांवास ब्राह्मण, कुणबी, महार, भिल्ल अशी विचारपूस राहिली नाहीं. जगानें कलंकित ठरविलेल्या स्त्रियांसाठीं कृपा सदन झालें. वृद्धांसाठीं प्रीति सदन झालें. आंधळ्यांसाठीं वेगळें सदन होऊन मनोरमाबाईंनीं त्यांस उठावदार टिंबांची लिपि शिकविली. विणकाम, शिवण, शेती, तेलाचा घाणा, धुलाई, छापखाना असे धंदे मुली स्वतः चालवूं लागल्या. व्यापारी वाचकांनीं याचें मर्म ओळखावें. रमाबाईंनीं मुलींच्या हातांत भाकरी ठेविली, आणि त्याबरोबरच भाकरी मिळविण्याची कलाही ठेविली. कारण दुसऱ्याच्या दयेवर जगणारा मनुष्य कितीही पोसला तरी परकाच राहतो, व स्वतःच्या श्रमावर उभा राहिलेला मनुष्य समाजाशीं बरोबरीनें बोलूं शकतो.

आयुष्याच्या उत्तरार्धांत रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर करण्यास घेतलें. रूढ भाषांतर फार संस्कृतप्रचुर असून तें खेड्यांतील अशिक्षित बायांस कळत नाहीं, ही त्यांची तक्रार होती. ज्या बाईस संस्कृताच्या विद्वत्तेबद्दल सरस्वती पदवी मिळाली, तिनें जाणून-बुजून साधी बोली पत्करली, व त्या ग्रंथाचे खिळे केडगांवच्या मुलींकडूनच जुळवून घेतले. भाषा हीही एक भिंत असते. कठीण शब्दांच्या आड ज्ञान कोंडून ठेविलें म्हणजे अज्ञान्यांस दाराबाहेरच राहावें लागतें. १९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. जुलै १९२१ मध्यें एकुलती एक मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईही गेल्या. त्यांचें संपूर्ण भाषांतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. केडगांवचें मुक्ति मिशन अद्याप चालू आहे. ज्या इंग्लंडच्या मंडळीशीं त्यांचा इतका खटका उडाला, ती मंडळी आज ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ पाळते.

आतां या चरित्रापासून आपण घ्यावयाचें काय? परकेपण जन्मास येतें तें बहुधा द्वेषापोटीं नव्हे; तें भीतीपोटीं येतें. आपली रीत बुडेल, आपल्या मुली बिघडतील, आपला धंदा दुसऱ्याच्या हातीं जाईल, अशी भीति मनांत शिरली म्हणजे शेजारचा मनुष्य मनुष्य म्हणून दिसेनासा होतो. त्याची जात, आडनांव, पंथ एवढेंच दिसूं लागतें. मग त्याच्या गुणांकडे संशयानें व दोषांकडे आवडीनें पाहिलें जातें. रमाबाईंची विद्या ही प्रथम कौतुक, मग धोका, मग अपराध ठरली. विद्या तीच होती. पाहणाराचे डोळे बदलत गेले.

ही सर्व जुनी गोष्ट झाली असें समजून कोणीं स्वस्थ बसूं नये. आजही आपल्या शहरांतून घर भाड्यानें देतांना भाडेकरूच्या ऐपतीपूर्वीं त्याचें आडनांव व त्याच्या चुलीवर काय शिजतें हें विचारलें जातें. गिऱ्हाईकाचा पैसा कोणत्याही जातीचा चालतो, पण गल्ल्यावर बसावयास मनुष्य आपल्यांतलाच हवा असतो. परजातींत लग्न केलेल्या मुलीचें नांव घरांत काढावयाचें नाहीं अशी शपथ घेणारे बाप आजही आहेत. दूर प्रांतांतून पोटासाठीं आलेल्या मजुराच्या हातून इमारत बांधून घ्यावयाची व इमारत उभी राहिल्यावर त्यालाच तिच्या दारांतून हांकलावयाचें, ही रीत आम्ही नित्य पाहातों.

ख्रिस्ती म्हणविणारांसही आमचें सांगणें तितकेंच रोखठोक आहे. दक्षिणेकडील कांहीं मंडळ्यांत उपासनेस बसण्याच्या जागा जातीप्रमाणें वेगळ्या राहिल्या, इतकेंच नव्हे तर दफनभूमींतही भिंती उभ्या राहिल्या. मृत्यूनेंही ज्यांचा सोवळेपणा गेला नाहीं, त्यांनीं शोमरोनी स्त्रीची गोष्ट कोणत्या तोंडानें वाचावी? वाटेवर घायाळ पडलेल्या माणसास याजकानें टाळिलें, लेव्यानें टाळिलें, व परक्या शोमरोन्यानें उचललें, हा दृष्टांत ख्रिस्तानें परधर्मीयांस सांगितला नव्हता. तो त्यानें स्वधर्मीय शास्त्र्यास सांगितला. आपला शेजारी कोण, असें त्या शास्त्र्यानें विचारिलें होतें. शेजाऱ्याची हद्द कोठें संपते हें त्यास ठरवून हवें होतें. ख्रिस्तानें हद्द सांगितलीच नाहीं. उलट तूं कोणाचा शेजारी होतोस तें पाहा, असें सुचविलें. या एका फिरवणुकींत सर्व आपपरभावाचें औषध आहे, असें आम्ही मानितों. अमका परका कीं आपला, हा प्रश्न त्याच्याकडे पाहून सुटत नाहीं. आपण त्याच्याशीं कसें वागतों यानेंच सुटतो.

म्हणून आमची सूचना मोठ्या सभांची वा ठरावांची नाहीं. ज्याच्याजवळ भाड्याची खोली आहे, त्यानें भाडें व वर्तणूक यांखेरीज तिसरा प्रश्न विचारूं नये. ज्याचें दुकान आहे, त्यानें पुढची जागा रिकामी होईल तेव्हां ती आपल्या जातीबाहेरच्या एका होतकरू मुलास द्यावी, व त्यास झाडलोटीवर न ठेवतां हिशेबाच्या वहीवर बसवावें. ज्याच्या घरची मुलगी वेगळ्या वाटेनें गेली असेल, त्यानें तिचें म्हणणें मान्य न केलें तरी तिच्यासाठीं दार लावूं नये. आणि ज्यास धर्माची फार चिंता वाटत असेल, त्यानें आपल्या धर्मांतील निराधारांची मोजदाद प्रथम करावी. ज्या घरांत भाकरी, अक्षर व मान हीं तिन्ही मिळतात, तें घर सोडून सहसा कोणी जात नाहीं. रमाबाईंच्या आईच्या तिरडीस त्या दिवशीं आणखी दोन खांदे मिळाले असते तर पुढचा इतिहास कसा घडला असता, हें सांगतां येत नाहीं. पण तसे खांदे देण्याची वेळ प्रत्येक गांवांत, प्रत्येक आळींत रोज कोणाची ना कोणाची येत असते. आणि ती आली असतां प्रेत कोणाचें, असें न विचारतां पुढें होणारीं माणसें ज्या समाजांत पुरेशीं असतील, त्यासच सुधारलेला समाज म्हणतां येईल.